बुडालेल्या रानातला गाळ

६ मे, पळसदेव
उजनी धरणाचं पाणी आणखी उतरलं. आमचं बुडालेलं जुनं रान उघडं पडलं. अब्बा काठी टेकत गेले, चिखलात उभे राहिले. "ह्यो आपला बांध. त्याच्या पल्याड तात्याचं." गावाची रीतच आहे, ज्यानं त्यानं आपल्या बुडालेल्या रानातलाच गाळ उचलायचा. माळावरच्या आमच्या मुरमाड तुकड्यात गाळ पडला तरच ऊस. पण परवाना नाही. पाणी चढलं की हे वर्षही गेलं.

९ मे
इंदापूर. तहसीलवाले म्हणतात, पाटबंधाऱ्याचं पत्र आणा. पाटबंधारेवाले म्हणतात, आधी तहसीलचं. म्हटलं, साहेब, चिखल आहे हो, सोनं नाही. "मॅडम, गौण खनिज आहे." डोकंच फिरलं. येताना एसटीत शेजारणीवर उगाच खेकसले.

१४ मे
नियम सैल झाला! स्वतःच्या शेतासाठी गाळ न्यायला परवाना नको, ग्रा.पं.त नुसतं कळवायचं. पहिला फोन तात्यांना.
"व्हय? मंग ट्रॅक्टर सांगू का?"
सांगा! आणखी चार घरी मीच कळवलं. फार मिरवलं.

१७ मे
आमच्या थोड्याच खेपा झाल्यात, अन् आज तिथंच जेसीबी, डंपर. वीटभट्टीवाले, बाहेरचे. बांधाकडचा गाळ काढून खालची काळी मातीही ओरबाडली. डंपरपुढं उभी राहिले तर ड्रायव्हर हसतो. "शेतासाठीच न्हेतोय की ताई. परवाना लागत न्हाय आता."
तोंडात मारल्यासारखं झालं. हेच तर मी गावभर सांगत सुटले होते. तक्रार करायची तर कुठल्या नियमाखाली?

१८ मे
बांध गेला. तिथं खड्डा. अब्बांना अजून...
जेवण नको वाटतंय. उठते, बसते, परत रानात जाऊन येते.

२० मे
तात्या अर्ज घेऊन आलेत. परवाना पुन्हा चालू करा, म्हणून. "पयली सही तूच कर. हापिसातली मानसं तुला वळखत्यात."
सही केली तर डंपर थांबतील. माझा ट्रॅक्टरही थांबेल, अन् तुकडा अजून अर्धा गाळाविना. राग येतो. मधलं काही नाहीच का?
शेवटी अब्बांना सगळं सांगितलं, बांधाचंसुद्धा. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "माझं रान दोनदा गेलं. आता तू तुझं बघ."
म्हणजे कर, की नको करू? परत विचारायचा धीर होईना.
तात्या बाहेर बसलेत. चहा पिऊन झाला असेल त्यांचा.