एकवीस नाण्यांचा संच मोडण्याबाबत

लिहून ठेवणारी मी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको, वय वर्षं एकाहत्तर. माझं यकृत निकामी होत आलं आहे. डोकं शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. अडवायला मात्र एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय करायचं ते खालीलप्रमाणे. व्यवस्थापक म्हणून आमच्या वकीलबाईंना नेमते.

कलम एक. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या. माझे पती हयात असेतो इथेच राहतील. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून ते पलंगावर आहेत. डोळे आणि कान चांगले आहेत. बोलणं गेलं आहे. ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘संच’ एवढे तीन शब्द येतात. त्यांच्या औषधपाण्यात, दूध-फळांत कसलीही काटकसर करू नये. त्यांना भरपूर आयुष्य लाभावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण पुढच्या कलमांत येईल.

कलम दोन. चिमटे, भिंगं, सुटे भाग कातायचं लेथ यंत्र आणि सुट्या भागांचे बारा खण कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला द्यावेत. यांनी त्याला जन्मभर ‘लोहार’ म्हणून हिणवलं. हत्यारं नेताना त्याने वर येऊन यांचे आभार मानावेत.

कलम तीन. सोन्याच्या नाण्यांचा संच. एका जुन्या राजाने एकवीस वर्षं राज्य केलं आणि दर वर्षी एक नाणं पाडलं. ती एकवीसही आमच्याकडे आहेत. असा अखंड संच दुसरीकडे नाही, असं संग्रहालयाचे प्रमुख सांगतात. चौदा नाणी सासऱ्यांची, सात यांनी मिळवलेली. दहा वर्षांपूर्वी दिरांनी अर्धा वाटा मागितला तेव्हा यांनी एका दुपारी बक्षीसपत्र करून सगळा संच माझ्या नावावर केला. “तुझ्या नावावर म्हणजे माझ्याच,” असं म्हणाले. कागदावर तसं काही लिहिलेलं नाही. सबब संच माझा आहे.

त्याची निगा मीच राखली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी एक नाणं दंतमंजनाने घासून लख्ख केलं होतं. जुनं नाणं घासायचं नसतं, त्यावरची काळाची झाक हीच त्याची खरी किंमत, हे मला कुठून ठाऊक असणार? अकरा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मग मी शिकले. सुती हातमोजे घालायचे, नाणं कडेने धरायचं, त्याच्यासमोर बोलायचं नाही, थुंकी उडते. पेटीतली मखमल मी शिवली, प्रत्येक नाण्याचा खळगा मापात बसवला. आमची मुलगी, बिट्टी, काचेला नाक लावून नाणी मोजायची आणि यांची चाहूल लागली की फ्रॉकने काच पुसायची.

बिट्टी नऊ वर्षांची असताना तिच्या हृदयाची झडप बिघडली. शस्त्रक्रिया महिन्याच्या आत व्हायला हवी होती. सातव्या वर्षाचं नाणं सर्वांत दुर्मीळ. त्याचं गिऱ्हाईक आमच्या बैठकीत पैसे घेऊन बसलं होतं. मी यांना आत बोलावलं.

“अहो, एकच तर द्यायचंय. वीस राहतीलच की.”

“वीस नाण्यांना संच म्हणत नाहीत. ती चिल्लर झाली.”

“पोरगी जाईल हो.”

“लेथ विकतो. थोडं थांब. डॉक्टर उगाच घाबरवतात.”

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. लेथ विकलं गेलं नाही. एकोणिसाव्या दिवशी, सकाळी शाळेच्या वेळेला, बिट्टी गेली. त्यानंतर आठव्या दिवशी प्रदर्शन होतं. हे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पेटी घेऊन गेले. पहिलं बक्षीस मिळालं. मानपत्रात ‘कोणत्याही मोहाला बळी न पडता अखंड राखलेला संच’ असं लिहिलं आहे. ते मी तीस वर्षं पुसत आले.

कलम चार. संच पुढीलप्रमाणे मोडावा. पेटी सध्या आहे तिथेच, यांच्या पलंगासमोर राहील, आतला दिवा दिवसभर चालू ठेवावा. नाणी एकदम नेऊ नयेत. माझ्यानंतर दर सोमवारी एक, अशी एकवीस आठवडे काढावीत. यांना उशीला टेकवून बसवावं, चष्मा लावावा, मगच पेटी उघडावी. हातमोजे घालू नयेत.

पहिलं नाणं दिरांना. वाटा मागत होते, घेऊन जा म्हणावं.

दुसरं, यांना सांभाळणाऱ्या बाईंना. त्यांचे पुढचे दोन दात पडले आहेत. नाणं वितळवून दात करून घ्यावेत, आणि यांना भरवताना तोंडभरून हसावं.

उरलेली एकोणीस मुलांच्या रुग्णालयाला. एका नाण्याच्या पैशांत एका मुलाची शस्त्रक्रिया. सुरुवात सातव्या वर्षाच्या नाण्यापासून. प्रत्येक नाणं वेगळ्या माणसाला विकावं. ज्याने एक घेतलं त्याला दुसरं देऊ नये. ज्या मुलाची शस्त्रक्रिया झाली त्याचा फोटो रिकाम्या खळग्यात लावावा, यांना दिसेल असा.

कलम पाच. संग्रहालयाचे प्रमुख दोनदा येऊन गेले. “बाई, तुमचा राग खरा आहे, पण हा ठेवा सगळ्यांचा आहे. एकदा विखुरला की पुन्हा जमणार नाही,” असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मुलीसाठी कोणाच्या डोळ्यांत एवढं आलं नव्हतं. प्रत्येक नाण्याखाली यांनी त्याचं वर्ष लिहून ठेवलं आहे, त्या एकवीस चिठ्ठ्या त्यांना द्याव्यात. यांचं अक्षर सुरेख आहे. त्या काचेत मांडाव्यात, संच पूर्ण आहे.

कलम सहा. इथवरचा मजकूर आज आमचे डॉक्टर आणि समोरच्या शिंपीणबाई या दोन्ही साक्षीदारांसमोर यांना वाचून दाखवला. हे ‘संच’, ‘संच’ करत राहिले, उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मी ते पुसलं आणि म्हटलं, “अहो, बिट्टी गेल्यापासून तुम्ही तिचं नाव घेतलेलं नाही. आत्ता एकदा घ्या. हा कागद फाडते, संच आहे तसा संग्रहालयात जाईल.”

यांनी फार खटपट केली. मानेच्या शिरा फुगल्या, लाळ उशीवर आली. शिंपीणबाई म्हणाल्या, “पुरे करा हो, बघवत नाही.” मी वाट पाहत बसले. पाव तास गेला असेल. मग यांच्या तोंडून नाव आलं. अडखळत नाही, स्वच्छ. ती खेळायला गेली की खिडकीतून हाक मारायचे तसं.

डॉक्टर म्हणाले, “बाई, ते बोलले.”

“ऐकलं,” मी म्हटलं.

कागद फाडलेला नाही. वरील सर्व कलमं कायम आहेत.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही). शेरा: मी सही करतो आहे ती फक्त बाई शुद्धीवर आहेत एवढ्यापुरती.
२. समोरच्या शिंपीणबाई (सही)

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली, पतीच्या पलंगाशेजारी
दिनांक: चौदा, गुरुवार, दुपारी चार