गाडीतून काढलेलं खोकं

९ जानेवारी २००५, डब्लिन (ओहायो)

सासरे आता व्हॅनमध्ये संसार थाटणार! डिसेंबरच्या वादळात चार दिवस लाइट नव्हते, तेव्हापासून अण्णांनी मनावरच घेतलंय — बर्फात अडकलो तर गाडीत रात्र काढता आली पाहिजे. मागे भलंमोठं खोकं. तीन रजया, पाणी, चिवडा, टॉर्च, छोटं फावडं. वर चिठ्ठी: 'तासाला दहाच मिनिटं इंजिन. आधी सायलेन्सरपुढचा बर्फ काढणे, नाहीतर धूर आत येतो.' वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस. मी हसले. शंतनूही वडिलांना हसला.

१५ जानेवारी

महाराष्ट्र मंडळाची संक्रांत. ऐंशी माणसांचा मसालेभात माझ्याकडे. पातेली व्हॅनमध्ये मावेनात, म्हणून खोकं गराजमध्ये काढून ठेवलं. भात सगळा संपला.

२२ जानेवारी

शंतनू आणि अण्णा क्लीव्हलंडला मालिनीआत्यांकडे निघाले होते. हायवेवर सहा तास बर्फात अडकले. आणि गाडीत खोकं नाही! मी परत ठेवलंच नव्हतं. फावडं नाही, म्हणून इंजिन चालू ठेवायची भीती. शंतनूने स्वतःचं जॅकेट अण्णांच्या पायांवर घातलं. घरी आले तेव्हा अण्णांना धड बोलता येत नव्हतं.

शंतनू म्हणाला, "अण्णा, खोकं तुम्हीच काढलंत ना, साफसफाईला?"

अण्णा म्हणाले, "काढलं असेल मी, बाबा."

मी चहा गाळत राहिले.

२३ जानेवारी

शंतनू अजून चिडलेला आहे. उद्या सांगते.

२६ जानेवारी

उद्या उद्या करत चार दिवस झाले. शंतनूने अण्णांसाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. मला हळूच म्हणाला, "काकांचं पण असंच सुरू झालं होतं, यार." काका म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. शेवटी पोटच्या मुलांना ओळखत नव्हते. अण्णा जगात कशाला घाबरत असतील तर त्यालाच. हे माहीत असून मी गप्प. शरम वाटते.

२९ जानेवारी

अण्णा आता वहीत टिपून ठेवतात — गोळी घेतली, नळ बंद केला. आज दोनदा विचारलं, "आश्लेषा, दार मी लावलं ना गं?" लावलं होतं. नीट लावलं होतं.

३० जानेवारी

सांगितलं. दोघांसमोर. शंतनू उठून बाहेर गेला. अण्णा आता बोलतील म्हणून मी खाली मान घालून बसले. त्यांनी माझा हात धरला आणि रडायलाच लागले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो ना गं? नक्की ना?"

तीनदा विचारलं.