जोडव्याची रेघ

सिडको, नाशिक
१८ जानेवारी २००४

प्रिय ज्ञानेश,

आधी माझ्या हातानं काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला शंका यायला नको. पितळेची एक दांडी, लेथवर कातलेली, लांबी एकशे अठरा मिलिमीटर, पुढे चार फाकांचा चिमटा आणि तो आवळायला आटे पाडलेली टोपी. त्यात बसणारी चांदीची टोकं, एकूण अकरा, प्रत्येकाचं नाक वेगळं. सागाची एक फळी, बारा इंच बाय नऊ इंच, चार वर्षं सावलीत वाळवलेली, वाकू नये म्हणून मागून दोन आडव्या पट्ट्या. तिच्यावर पांढऱ्या लेपाचे सात हात, प्रत्येक हातानंतर झिरो नंबरच्या पॉलिशपेपरनं घासलेले. चौकट, पंचेचाळीस अंशात जोडलेली, एकही खिळा नाही. काच तेवढी विकत आणली. काच मला करता येत नाही. आणि त्या फळीवर एक चित्र: तुझी आई. दचकू नकोस, कुसामावशी खुटखुटीत आहे. परवाच मला म्हणाली, "रावजी, तू म्हातारा दिसाया लागला रं."

तू १९९५ च्या मे महिन्यात आलास, ते तुझं शेवटचं येणं. मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेला, मस्कतला जाहिरातींच्या कंपनीत मोठा झालेला तू, आणि अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर असलेला मी. आपण माझ्या गच्चीवर बसलो होतो. तू बॅगेतून चार पानांची झेरॉक्स काढलीस. जुने युरोपातले चित्रकार शिसपेन्सिल यायच्या आधी चांदीच्या तारेनं कशी चित्रं काढत, त्याबद्दल होतं. मी म्हटलं, हे करून बघायला हवं. तू हसलास. "राव्या, हे खोडता येत नाही. आम्हाला चित्रशाळेत कुणी शिकवलं नाही, तू काय करणार? हे मायक्रोमीटरचं काम नव्हे." मी ती चार पानं ठेवून घेतली. पण ज्ञानेश, ऐक. हे मायक्रोमीटरचंच काम आहे.

मला पहिली ओळख पटली ती झेरॉक्समधल्या एका वाक्यानं. पांढऱ्या खरखरीत लेपावर धातू घासला की तो झिजतो आणि रेघ मागे राहते. अरे, हे तर आपण १९६६ सालीच केलं होतं! दसऱ्याच्या आधी मावशीनं मखमलाबादच्या घराला चुना दिला होता आणि आपल्याकडे तीन पैशांचं ते षट्कोनी ॲल्युमिनियमचं नाणं होतं. एका कोपऱ्यानं बारीक रेघ, आडवं धरलं की जाड. तू बैलाचं तोंड काढलंस, मी बैलगाडीचं चाक, आरे मोजून बारा. मावशी फुलं विकून आली आणि झेंडूच्या रिकाम्या पाटीनंच तिनं दोघांना हाणलं. नंतर भिंतीला पुन्हा चुना दिला, पण तुझ्या बैलाचं तोंड मात्र बोटभर जागा सोडून ठेवलं. माझं चाक गेलं. हे मी विसरलेलो नाही.

तर सुरुवात चुन्यानंच केली. पुठ्ठ्यावर चुना आणि बाभळीचा डिंक. तडे गेले. डिंक वाढवला तर लेप चकचकीत झाला आणि धातू नुसता घसरू लागला. मग रंगाच्या दुकानातून जस्ताचा सफेदा आणला आणि सुताराचा सरस. सरस कोमट पाण्यात विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची पकड जाते. आमच्या हिला, ललिताला, तो वास आठ महिने सोसावा लागला. "शेजारचे विचारतात, तुमच्याकडे काय मेलंय का?" असं ती भाजी चिरता चिरता म्हणायची. एकदा तिनं वरणाचं पातेलं शोधलं आणि त्यात सरस निघाला. त्या दिवशी आम्ही दोघं हॉटेलात जेवलो. लेप मात्र त्याच पातेल्यातला पहिला जमला. सरस एक भाग, पाणी बारा भाग, सफेदा साईसारखा होईपर्यंत. लिहून ठेव.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. चांदी कुठून आणायची? मला कंपनीनं पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल चांदीचं पदक दिलं होतं, 'उत्कृष्ट कामगार'. मी म्हटलं, यापेक्षा मानाची चांदी कुठली? पदकाची कड करवतीनं कापली, कानशीनं गोल केली, टोक घासलं. रेघ सुरेख उमटली, करडी, केसासारखी. आता ती तपकिरी व्हायची वाट बघायची. हवेनं जशी समई काळवंडते तशी चांदीची रेघही रंगते, फक्त फार सावकाश. मी अकरा महिने वाट बघितली. टूलरूममधला भिकन रोज विचारायचा, "काय राव, पडली का काळी? जगातल्या बायका चांदी काळी पडू नये म्हणून राखेनं घासतात, आणि हा येडा ती काळी पडायची वाट बघतो!" रेघ जशीच्या तशी करडी. शेवटी सराफ बाजारात गेलो. सराफानं पदक काळ्या कसोटीवर घासलं, बघितलं, पुन्हा घासलं आणि मला म्हणाला, "वरून पाणी चांदीचं, आत जर्मन सिल्व्हर. चांदी फक्त नावात." धातूत वीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण त्या कसोटीकडे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. सराफही तेच करतो. तो काळ्या दगडावर, मी पांढऱ्या फळीवर. रेघ खोटं बोलत नाही.

ही गोष्ट मी मावशीला हसत हसत सांगितली. ती हसली नाही. आत गेली, पत्र्याची डबी घेऊन आली आणि माझ्या हातावर दोन जोडवी ठेवली. तुझे वडील गेले तेव्हा, एकाहत्तर साली, उतरवलेली. "तीस वरसं पडून हायत. यात खोट नाय, माझ्या सासऱ्यानं डोळ्यापुढं घडवून घेतलेली." मी नको म्हटलं. तर मला म्हणाली, "कंपनीच्या चांदीनं फसलास, आता माझी बघ." मी एकच घेतलं. सोनारासमोर बसून त्याची तार ओढून घेतली, एक मिलिमीटरची, आणि टोक स्वतः गोल केलं. टोक गोलच हवं, टोकदार केलं की लेप खरवडून निघतो. आरंभ करणारा प्रत्येकजण इथेच चुकतो. पहिलं चित्र लसणाच्या गड्ड्याचं काढलं. चार महिन्यांत त्याच्या पाकळ्या तपकिरी झाल्या. मी ललिताला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "लसूणच दिसतोय." यापेक्षा मोठी पावती मला कुणी दिलेली नाही.

मग मी मावशीला म्हटलं, आता तुमचं तोंड काढायचं. २००१ चा श्रावण. दर सुट्टीला स्कूटरनं मखमलाबाद, सकाळी नऊ ते साडेदहा, कारण तेवढाच वेळ पडवीत सारखा उजेड असतो. ती स्टुलावर, मांडीवर झेंडूची पाटी, हात माळ ओवत. "हलायचं नाय म्हणजे किती येळ? माझं तोंड काय देवळातल्या दगडाचं हाय का?" मी म्हणायचो, हात हलू दे, मान नको. या कामात जोर देऊन काळोखी येत नाही. कितीही दाबलं तरी चांदी तेवढीच उतरते. एकावर एक, हलक्या हातानं, शेकडो रेघा टाकायच्या तेव्हा गालाखालची सावली धरते. आणि चुकलं तर चुकलं. खोडरबर नाही. तू हे बरोबर सांगितलं होतंस.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ उतरवत होतो. तेवढ्यात शेजारच्या मंगलाबाईंनी भिंतीवरून हाक दिली, "कुसाबाई, पळा! फोन! तुमच्या ज्ञानेशचा!" मावशी अशी उठली की पाटी पालथी झाली, फुलं पडवीभर. माझी नजर तिच्यामागे गेली आणि नजरेमागे हात. पाच-सात मिनिटांनी ती परत आली. फुलं गोळा केली, स्टुलावर बसली, मान होती तशी धरली. मी विचारलं, काय म्हणतो? "यायचं जमत नाय म्हनला. काम हाय." एवढंच. मी फळीकडे बघितलं, तिथे काही दिसलं नाही. ताजी चांदी इतकी फिकी असते की चुकलेली रेघ लगेच नजरेला येत नाही. मी पुढे चालू ठेवलं. त्यानंतर चौदा बैठका झाल्या, आणि चित्र पुरं झालं.

२००२ च्या मे महिन्यात ती वर आली. ओठाच्या कोपऱ्यातून कानाकडे गेलेली एक रेघ, तपकिरी, मोजली तर साडेतेवीस मिलिमीटर. सबंध चेहऱ्यात तेवढी एकच चूक. मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी ठरवलं, लेप खरवडायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. फळी घेऊन मावशीकडे गेलो, पुन्हा बसाल का म्हणून विचारायला. तिला चष्मा लावून रेघ दाखवली. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हात लावू नको. ही चूक नाय. मी उठले ना, तवा हसत व्हते. फोन घ्यायच्या आधी. बाकीचं तू जे काढलं, ते फोन घेतल्यानंतरचं तोंड हाय."

मी लेप खरवडला नाही.

गेल्या डिसेंबरात जिल्ह्याचं चित्रप्रदर्शन भरलं. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. शाळांचे चित्रकलाशिक्षक, मुंबईहून आलेले दोन-चार नावाजलेले, सगळे मावशीपुढे थांबायचे आणि पुढे सरकायचेच नाहीत. एकानं मला विचारलं, "पेन्सिल कुठली वापरली? टू एच?" मी म्हटलं, "पेन्सिल नाही, जोडवं." मग मी त्यांना दांडी दाखवली, टोकं दाखवली, सरसाचं प्रमाण सांगितलं. सांगता सांगता चाळीस माणसांचा घोळका झाला, ज्ञानेश, आणि डिप्लोमावाले वह्या काढून लिहून घेत होते. अंबडचा फिटर सांगतोय आणि ते लिहून घेतायत! पहिलं बक्षीस मिळालं. भिकन टाळ्या वाजवून ओरडला, "पडली, पडली, काळी पडली!" मावशी नवं लुगडं नेसून आली होती. आपल्याच तोंडासमोर उभी राहून म्हणाली, "जन्मभर फुलं इकली, आज बसल्या जागी लोक बघाया आले."

घर विकून मस्कतला चल, असं तू पंच्याण्णवच्या त्या मे महिन्यात म्हणालास, आणि ती नाही म्हणाली. उंबऱ्यावरून जाता जाता तू म्हणालास, "मग बस तुझ्या झेंडूत." मी अंगणात होतो, मी ऐकलं. ती मात्र हे कधी बोलली नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच लिहितोय. तू आता हातानं काही काढत नाहीस, सगळं कॉम्प्युटरवर करतोस, असं तुझ्या मागच्या कार्डावरून कळलं. बैलाचं ते तोंड तू अकराव्या वर्षी काढलंस, तसं मला आजही जमत नाही. हे कबूल करायला मला अडतीस वर्षं लागली.

तर पत्राचं कारण. दुसरं जोडवं मावशीनं डबीत परत ठेवलं नाही. "हे ज्ञानूला," म्हणाली. मी त्याची तार ओढून आणली आहे. दुसरी दांडी कातून ठेवली आहे, तुझ्या बोटांना जरा बारीक. एका फळीवर सात हात लेप देऊन ती सावलीत उभी केली आहे. तू ये. पडवीत सकाळी नऊला उजेड येतो. आधी लसणावर हात बसव, मग तिच्यासमोर बस. ती हललीच तर हलू दे. आणि माझं चित्र घेऊन जा. टपालानं पाठवणार नाही, कुरिअरनंही नाही, वाटेत काच फुटली की लेपावर ओरखडे पडतील, आणि त्यातली साडेतेवीस मिलिमीटर रेघ तुझ्यामुळे उमटली आहे, ती तुझ्याच हातात द्यायची आहे. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मुंबईचा एक चित्रदालनवाला त्याच रेघेवर बोट रोखून म्हणाला, "हाच खरा हात." मी त्याला सांगितलं, ती चूक आहे. तो म्हणाला, चुकीसकट हवं. माझा पगार, कापून हातात येतो तो, नऊ हजार चारशे. त्यानं त्याच जागी उभ्या उभ्या देऊ केले पंचावन्न हजार. मी नाही म्हटलं.

तुझाच,
राव्या