धोंडोपंतांचे घोडोपंत

पांढरकवडा,
१२ एप्रिल १९५८

ती. यज्ञेश्वरकाकांस मधुसूदनाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा आणि काकूंचा दमा ताळ्यावर असतील अशी आशा करतो. ऊन असं तापलंय की कचेरीतला पंखेवाला वारा घालता घालता स्वतःच पेंगतो (मुंबई राज्यात गेल्यापासून आमचे शिक्के बदलले, उकाडा तोच).

काका, नेरच्या ज्या धोंडोपंतांचा मुलगा आमच्या सुनीतीसाठी तुम्ही सुचवलात, ती मंडळी मुलासह येऊन गेली. सुनीतीला तुम्ही ओळखताच. तिनं तोंड उघडलं की चार घरच्या बाया चुलीवरचं दूध विसरतात. पण हातात टाक आला की घात! इतिहासात ध चा मा झाला म्हणतात, हिचा ध चा घ होतो, ब चा व होतो, आणि अनुस्वार वाटेतच गळतात. मास्तर तिला मठ्ठ म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. मठ्ठ डोक्याला इतकं सुचेल कुठून? डोक्यातून हातात उतरताना तिची अक्षरं एकमेकांचे सदरे घालून येतात, एवढंच.

माझं नेमकं उलट. मी नक्कलनवीस, अक्षर छापल्यासारखं, पण पदरचं एक वाक्य जुळवायचं म्हणजे घाम फुटतो. रजेचा अर्जसुद्धा मी दुसऱ्याचा पाहून उतरवतो (मागे माझं पोट दुखत असताना मला पत्नीच्या बाळंतपणासाठी रजा मंजूर झाली, शोभा आठवडाभर बोलत नव्हती).

तर धोंडोपंत सरबत घेऊन म्हणाले, "पोरीचं अक्षर पाहून घेऊ." आणि स्वतःच मजकूर सांगितला, की श्री. धोंडोपंत सहकुटुंब सुखरूप पोचले. मी उठून मध्ये पडणार, तोच शोभा आतून कुजबुजली, "अहो, तुम्ही काहून उठून राह्यले? लिहू द्या ना तिले!" सुनीतीनं लिहिलं. धोंडोपंतांनी चष्मा लावला आणि भरल्या बैठकीत मोठ्यानं वाचलं, "श्री. घोडोपंत सहकुटुंब सुखरूप पोचले."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पोरगी म्हणाली, "मी धोंडोच म्हटलं होतं, हात माझं ऐकत नाही." आणि मग केळापूरच्या जत्रेत आमचा छकडा उलटला ती हकीकत तिनं अशी रंगवली, की धोंडोपंतांना हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

परवा त्यांचा निरोप आला. मुलगी आवडली, पण साक्षर आहे की नाही ही शंका आहे; तिच्या हातचं एक मोठं पत्र धाडा, मग कळवू. मी म्हटलं, मी लिहितो, सही तू कर. ती रडवेली होऊन म्हणाली, "लग्नानंतरही तुम्हीच लिहून द्याल का, बाबा?" तेव्हा खोटं करायचं नाही असं ठरलं आहे.

काकूंना नमस्कार.

आपला,
मधुसूदन

ता. क. वरचा सगळा मजकूर सुनीतीनं तोंडी सांगितला, मी फक्त उतरवला. माझी थट्टासुद्धा तिचीच. मला 'पत्रास कारण की'च्या पुढे काही सुचत नाही, हे तुम्ही जाणताच.

ता. क. हेच पत्र धोंडोपंतांना वाचून दाखवा. त्यांनी मोठं पत्र मागितलं होतं, ते हे. अक्षर बापाचं आहे हेही सांगा. एवढ्यावर नको म्हणाले, तर नको.

ता. क. काका हे मी स्वताच्या हाताने लिहीते. वावा झोपले आहेत. मुलगा त्या दिवशी एक शव्दही वोलला नाही. त्याला वोलता येतं का ते आघी पाहून या. तुमची सुनीती