जाळ्यातल्या कासवांचं माहेर

३ नोव्हेंबर

आली एकदाची! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नणंदबाई हिमानी गोव्याहून सौंसरला. बापूजी स्वतः गाडी घेऊन नागपूरच्या विमानतळावर गेले – संत्र्याची तोडणी चालू असताना. मी माझ्या माहेराहून, पांढुर्ण्याहून, बाळ घेऊन परतले, तेव्हा माझ्या या सासऱ्यांना बागेतून सवड नव्हती. बसनं आले होते मी.

५ नोव्हेंबर

हिमानी समुद्री कासवांच्या जनुकांवर पीएचडी करते, हे बापूजी आता संत्र्याच्या व्यापाऱ्यालाही सांगतात. "मादी जिथं जन्मली, त्याच भागात अंडी द्याले येते. मंग ते कोणत्याबी जाळ्यात सापडू द्या, आमची पोरगी थेंबभर रक्तावरून तिचं माहेर सांगते."

आईकडून आलेलं जनुक तपासतात, म्हणून ते जमतं – हे मी सांगितलं. "हो, अमृतानं बी कालिजात वाचलं होतं," म्हणाले. वाचलं होतं! एमएस्सीला हिच्यापेक्षा जास्त मार्क होते मला. प्रयोगशाळेत जागाही मिळत होती. तेव्हा हेच म्हणाले होते, "घरच्या सुनेले इतक्या दूर काहून पाठवाचं?" लेकीला चालतं.

१२ नोव्हेंबर

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. इकडे तिचा कासवांवरचा पेपर डिसेंबरात जर्नलला गेला नाही तर तिची पीएचडी लटकणार. "वहिनी, पाय सुजून राहिले माझे, बसवत नाही. तू तपासून देशील का आकडे? इथं दुसऱ्या कोणाले समजते?"

हो म्हटलं, तोंड गोड करून. पण खोटं कशाला लिहू – लॅपटॉप उघडला आणि कितीतरी वर्षांनी डोकं चाललं. मेथी करपली. सासूबाईंनी स्वतःच दुसरी जुडी निवडायला घेतली. काम लेकीचं होतं ना.

२९ नोव्हेंबर

सापडलं!

किनाऱ्यावर अंडी घालताना ज्यांचं रक्त घेतलं, त्या माद्यांचं माहेर पक्कं. त्यांच्याशी ताडून जाळ्यातल्या कासवांचं माहेर ठरवायचं. हिनं कोकणच्या जाळ्यांत सापडलेली काही कासवं थेट कोकणच्या माद्यांमध्येच धरलीत. जिथं सापडली, तेच माहेर! दिवसभर आईच्या घरी लोळणाऱ्या बाईलाच असं सुचायचं. सासरी नांदणारी सून नसती चुकली; ती सापडते सासरी, माहेर दुसरीकडेच असतं. आता कोकणची कासवं वेगळ्या घराण्याची, हा तिचा सगळा निष्कर्षच कोसळतो.

संध्याकाळी तिनं विचारलं, "काही दिसलं का, वहिनी?"

"नाही," म्हणाले. इतकं सहज.

४ डिसेंबर

आज सांगणारच होते. पण सासूबाई जामसांवलीच्या हनुमानाला जाऊन आल्या. बाळासाठी नवस, आणि पेपरसाठी वेगळा. माझ्या नोकरीच्या वेळी यांना देव आठवला नव्हता.

नाही सांगितलं.

१४ डिसेंबर

सकाळी कळा सुरू झाल्या. गाडीत बसताना हिमानीनं माझा हात घट्ट धरला. "आकडे सरांले पाठवून देजो. तू पाहिलं म्हणजे मले काळजी नाही."

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुपारी आकडे पाठवले. जसे होते तसे. तिचे सर आजच पेपर दाखल करणार. 

२५ डिसेंबर

बारसं झालं. नाव ठेवून झाल्यावर सगळ्यांसमोर हिमानी म्हणाली, "पेपरवर माझ्या नावाखाली वहिनीचं नाव टाकाले लावलं मी. सारं तिनंच तपासलं."  मग बापूजी पंगतीत प्रत्येक पानाशी थांबून सांगत होते, "आमच्या सुनेनं तपासलं हाय."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला.