मेमरीत न मावणारा पूर

मंगळवार, ४ ऑगस्ट

पुन्हा तेच! ‘मागितलेला ॲरे मेमरीच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे.’ सकाळपासून हे एकच वाक्य वाचतेय. नदीकाठच्या वस्तीच्या नकाशावर बारीक चौकोन पाडले, कुठल्या चौकोनातलं पाणी कुठल्या चौकोनात जाईल याचा आकड्यांचा तक्ता, म्हणजे तो ॲरे, मांडायला घेतला — आणि सॉफ्टवेअरने हात वर केले.

घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणे, “थोडे फोटो डिलीट कर ना!” कपाळाला हात लावला.

बुधवार, ५

सेटिंगमध्ये ती मर्यादा उठवायची खूण सापडली. उठवली. अख्खं मशीन हँग! विभागात सगळ्यांना मिळून ते एकच; शेजारच्या टेबलावरच्या ताईचं कामही त्यावरच चालू होतं, तेही गेलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ६

धरणावरच्या इंजिनियरसाहेबांचा फोन. “मॅडम, पाणी सोडावं लागणार. वस्ती हलवायचीय. शाळेत न्यायची का, तेवढं सांगा.”

विभागप्रमुख सर म्हणाले, “चौकोन मोठे कर, मावेल.” मावलं! शाळा कोरडी. सरांनी लगेच नकाशा पाठवूनही दिला.

मला चैन नाही. शाळेमागे अरुंद नाला आहे. एवढ्या मोठ्या चौकोनात तो सरासरीत गडप झालाय. सरांना म्हटलं तर — “किती कीस काढशील!” मी विषय सोडला.

शुक्रवार, ७

चहा पिता पिता डोक्यात उजेड पडला. अगं बाई! पाणी जातं ते शेजारच्या चौकोनात. लांबच्यांशी संबंध शून्य. आणि मी ती सगळी शून्यं मेमरीत कोंबत बसलेय! शून्य नसलेले आकडेच तेवढे ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोयसुद्धा आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. आणि ते शिकवणारी मीच! स्वतःचा इतका राग आला.

बारीक चौकोन परत घातले. मशीन कुरकुर न करता कामाला लागलंय.

शनिवार, ८

सर गाडी काढतायत, तेवढ्यात लिहितेय. बारीक चौकोनांवर नाला दिसला. पाणी त्यातून उलटं चढतंय, शाळा बुडतेय. इंजिनियरसाहेबांना फोन लावला.

“अहो मॅडम, तुमच्याच नकाशावरून सगळी वस्ती कालच शाळेत नेली. दरवाजे मघाशीच उघडले.”