काजळनाथाबद्दल दाजींना खुलासा

कळंब, मंगळवार

आदरणीय कृष्णराज दाजी,

तुमच्या चरणी उत्तरेश्वरचा कळंबहून दंडवत पोचावा. ताईच्या गुडघ्याला नवीन तेल मानवतंय असं ऐकलं, बरं वाटलं. तुमच्या उसाला तोडणीची टोळी मिळाली का, की अजून ढोकीच्या कारखान्याच्या रस्त्यावर दुसऱ्यांचे भरलेले ट्रॅक्टर बघत उभं राहावं लागतंय, ते कळवावं. इकडं सगळे मजेत आहेत. आमच्या सौ. शिवकन्येला तेवढा खोकला झालाय, पण त्याचं कारण हवा नसून मी आहे, आणि ते पुढं सविस्तर येईलच. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि या चोवीस वर्षांत माझं एकही वाक्य फोनवर तुमच्यापर्यंत पूर्ण पोचलेलं नाही. माझं क्रियापद यायच्या आतच तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता. कागदाला ती सोय नाही. मागं एका रविवारी तुम्ही विचारलंत, आपल्या अर्पिताचा अभ्यास कसा चाललाय. मी म्हणालो, जोरात. ते खरंच होतं. फक्त कशाचा अभ्यास, ते सांगायच्या आत फोन बंद झाला. त्याचा हा खुलासा.

खुलासा करायचा म्हणजे काजळनाथापासून सुरुवात करावी लागते. काजळनाथ तुम्हाला माहीत नसणार (तुम्ही जन्मल्यापासूनच मोठे होतात, असं ताई सांगते). आमच्या लहानपणी कळंबच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीत महिन्याला 'तेजवीर' नावाची चित्रकथा यायची. तेजवीर हा नायक. गोरा, पिळदार आणि अत्यंत कंटाळवाणा. काजळनाथ हा खलनायक. जांभळा झगा, टोकदार भुवया, आणि पान भरून हसणं. त्याचं हसू एका फुग्यात मावायचं नाही, सहा फुगे लागायचे. जगातला सगळा उजेड विझवायचा, एवढी एकच त्याची इच्छा. सतराव्या अंकात तर त्यानं सूर्यालाच पडदा शिवायला घेतला होता (शिंपी कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही). मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्याचा भक्त आहे. वर्गातली बाकीची पोरं तेजवीर व्हायला भांडायची, मला न भांडता काजळनाथ मिळायचा.

माझ्या भक्तीचं कारण ऐका. काजळनाथासारखा सरळ माणूस मी पुढच्या आयुष्यात पाहिला नाही. तेजवीराला खांबाला बांधलं की तो आधी आपला सगळा बेत सांगायचा. किती वाजता, कुठल्या धरणावर, कोणती कळ दाबून, आणि ती कळ डावीकडं आहे की उजवीकडं, हेसुद्धा. ही असली माहिती आज माहितीच्या अधिकारात तीनदा अर्ज करूनही मिळत नाही. मी बावीस वर्षं शाळेत कारकून आहे. माझी बदली, माझी बढती, माझ्या टेबलाची जागा, यातलं काहीही ठरवणाऱ्यानं मला आधी खांबाला बांधून सांगितलेलं नाही. नंतर हसत हसत चहा पाजून सांगितलं. शिवाय काजळनाथ स्वतःला समाजसेवक म्हणवत नसे. पाटीवर 'काजळनाथ, दुष्ट' असंच लिहिलेलं असायचं.

आता पडद्यावरचे खलनायक बघा. मी सगळे बघतो, मोबाईलवर, जेवताना (शिवकन्या म्हणते, म्हणूनच मला पित्त होतं). चित्रकथेतून उचलून पडद्यावर आणला की पहिल्यांदा त्याचा झगा काढून घेतात आणि रेनकोट घालतात. मग लाईट घालवतात. दोन तास तो अंधारात कुजबुजतो, आणि आपण आवाज वाढवावा तोवर स्फोट होऊन शेजारी जागे होतात. त्यात त्याला लहानपण देतात. लहानपणी कुणीतरी त्याचा पतंग फाडलेला असतो, म्हणून तो मोठेपणी शहर बुडवतो. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचे पतंग फाटले. त्यातला एक ग्रामसेवक झाला, दोघं मास्तर झाले, कुणीही कळंब बुडवलं नाही. शेवटी मरताना त्याच्या डोळ्यात पाणी, नायकाच्या डोळ्यात पाणी, आणि मागं सनई वाजल्यासारखं काहीतरी. मग तो एक डोळा उघडतो, कारण अजून दोन भाग काढायचे असतात.

तर दाजी, तीन आठवड्यांमागं अर्पिता आली. पुण्यातली ती सिनेमाची संस्था दोन वर्षं झाली तेवढी बस, आता मामाकडं शांतपणे बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर, असं सांगून तुम्हीच तिला पाठवलंत. तिच्या पिशवीत बँकेचं पुस्तक होतं, हे मी स्वतः पाहिलं. पण पाठोपाठ मुकुल नावाचा तिचा वर्गमित्र कॅमेरा घेऊन आला (पोरगा सज्जन आहे, स्वतःचं ताट स्वतः धुतो, शेजारच्या वीरप्पांकडं झोपायचा, कृपया भलतं काही मनात आणू नये). मग तिनं मला खरं सांगितलं. दिग्दर्शनाच्या शेवटच्या वर्षाला जागा मिळवायला प्रत्येकानं दहा मिनिटांचा सिनेमा पाठवायचा, त्यातून आठ जण निवडतात. "आणि मामा," ती म्हणाली, "मी काजळनाथ करणार आहे." लहानपणी तिला माझेच अंक वाचून दाखवले होते मी. तुम्हाला कळवायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. पण त्याच क्षणी मला हेही कळलं की काजळनाथ मीच होणार. पहिली गोष्ट दुसरीत बुडाली.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा जांभळा पडदा मी सहीनिशी घरी आणला. भुवयांना काजळ लावलं. पस्तीस वर्षं तयार ठेवलेलं हसू तिच्यासमोर सहाच्या सहा फुग्यांत हसून दाखवलं. गल्लीतली कुत्री गप्प झाली. अर्पिता म्हणाली, "मामा, तुम्ही दुष्ट वाटतच नाही. दुष्टाचं सोंग घेतलेला चांगला माणूस वाटता." असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. आणि काजळनाथ म्हणून तिनं कुणाला घ्यावं? आपल्या शेजारच्या वीरप्पांना. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते ते. लई मवाळ माणूस, घंटीसुद्धा हळू मारायचे. झगा नाही, भुवया नाहीत, हसणं नाही. साधा पांढरा सदरा. मी कारण विचारलं तर ती म्हणाली, जो ओरडतो त्याला कुणी भीत नाही मामा. मला तिच्या शिक्षणाची काळजी वाटू लागली.

इथून पुढं जे घडलं ते माझ्या हातून घडलं. धान्याच्या मोंढ्यात बिरदेवअण्णांचं आडत दुकान आहे, त्यामागच्या रिकाम्या गोदामात चित्रीकरण होतं. गोष्ट एवढीच की गावात वीज नाही, एक मुलगी कंदील लावून वाचत बसते. नातेवाइकांकडून गोळा केलेले सात जुने कंदील होते. मला वाटलं, पोरगी हुशार आहे पण काजळनाथाला विसरली, तिला आठवण करून द्यावी. मी कुणाला न सांगता गाडीवर तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात गेलो आणि जांभळ्या धुराची चार नळकांडी आणली. देणाऱ्यानं बजावलं होतं, एका वेळी एक, अन् उघड्यावर. पण त्यानं काजळनाथ वाचलेला नव्हता. सकाळी अकराला, वीरप्पा दारातून आत यायच्या बेतात असताना, मी पडदा पांघरून पत्र्याच्या आडोशाला चारही नळकांडी एकदम पेटवली.

दाजी, धूर जांभळाच होता, एवढं मी माझ्या बाजूनं नोंदवतो. बाहेर सोयाबीनचा लिलाव चालू होता. कुणीतरी ओरडलं, गोदाम पेटलं. हमाल पोती पाठीवर घेऊन पळाले, काही जण पोती टाकून पळाले, पाठोपाठ नगरपालिकेचा बंब आला. वीरप्पांनी तेवढ्यातही जुन्या सवयीनं सगळ्यांना मागच्या दारानं काढलं, "पुढं सरका, पुढं सरका, घाई करू नका" म्हणत. शिवकन्या नेमका डबा घेऊन आली होती, तिनं पोटभर धूर खाल्ला. आणि सर्वांत शेवटी मी बाहेर आलो, जांभळ्या पडद्यात, भुवया कानापर्यंत ओघळलेल्या. अख्खा मोंढा माझ्याकडं बघत होता. ती हसायची वेळ होती, आणि मला नुसती ढास लागली. कुणाला इजा झाली नाही. पण सातही कंदील पायाखाली गेले, आणि अण्णांनी दाराला कुलूप लावलं. सिनेमा गुरुवारी पाठवायचा होता. तो सोमवार होता.

अर्पिता पायरीवर बसली होती. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. मी म्हणालो, "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं." ती काचा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारलं असतं तर?" बस, एवढंच. मी बावीस वर्षं कारकून आहे दाजी, प्रत्येक पत्राला जावक क्रमांक देतो. या प्रश्नाला आवक क्रमांक देऊन मी खाली बसलो आणि काचा वेचू लागलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी मोंढ्यातल्या दुकानादुकानात माफी मागत फिरलो. हमालांना सांडलेलं सोयाबीन झाडू लागलो. काहींनी मला पुन्हा तो पडदा घालून यायला सांगितलं, मी घातला. शेवटी अण्णांची अट आली. "पोरगी येऊ दे, वीरप्पा येऊ दे. तू न्हाय." शिवकन्येनं खोकत खोकत गल्लीतून नवे कंदील जमवले. वाचणाऱ्या मुलीचं काम अर्पिता स्वतःच करत होती. मी ते दृश्य खिडकीच्या गजांतून, बाहेर उभा राहून बघितलं.

वीरप्पा आत येतात. पांढरा सदरा. मुलगी वाचतेय. ते एका कंदिलाची वात खाली करतात, विझवतात. मग दुसरा. घाई नाही. मुलगी बघत राहते. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "डोळ्यांना तरास व्हईल बाळ. लई वाचलंस. आता बस." असं करत सातवा कंदील. तिला बांधलेलं नाही, ती पळू शकते, पण पळायचं कशापासून तेच तिला कळत नाही. दाजी, मी उन्हात उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. बघताना मला कुणाची आठवण झाली ते लिहीत नाही. माझीच झाली असं समजा, कारण ती तर झालीच.

तरीही माझी मतं बदललेली नाहीत, हे नमूद करतो. झगा हवाच होता. एक बारीकसं हसू शेवटी चाललं असतं. सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या मोंढ्याला दाखवला तेव्हा बिरदेवअण्णा मागच्या बाकावर डोळे पुसत होते, पण बाहेर येऊन त्यांनीही मला विचारलं, "ते धुराचं कुठं गेलं? तेच लई भारी होतं."

ताईला नमस्कार. शिवकन्येचा तुम्हा दोघांना नमस्कार. खोकला उतरला की ती स्वतः फोन करेल, आणि तिचं वाक्य तुम्ही तोडणार नाही याची मला खात्री आहे.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. सिनेमा गुरुवारी वेळेत गेला. आठांत अर्पिताचं नाव तिसरं आहे. सोबत वसतिगृहाचा अर्ज टाचला आहे, त्यावर वडिलांची सही लागते. जागेवर पेन्सिलीनं खूण केली आहे. शुक्रवार शेवटचा दिवस. हे सगळं पत्र खरं तर या चार ओळींसाठीच होतं, पण एवढ्याच लिहिल्या असत्या तर तुम्ही त्या फोनसारख्याच वाचल्या असत्या.

आणखी एक. पाकिटाला तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र पोस्टानं आलेलं नाही, अर्पितानंच आणून दिलंय, आणि आता ती समोर बसून तुमच्या तोंडाकडं बघत असेल. माणसाच्या तोंडाकडं बघणं हेच ती पुण्यात शिकते, तेव्हा लपवायचा प्रयत्न करू नये.

शेवटचं. सकाळच्या एसटीनं ती काही न खाता निघाली आहे. सही करायची की नाही ते जेवल्यावर ठरवा, पण तिला शेजारी बसवून जेवा.